वही आली की बांधी भरायची

आमच्या घरात माणसाची कुंडली कधी कुणी मांडली नाही. एक किलो तांदळाची मात्र मी मांडली, आणि तिच्यापायी दोन पावसाळे माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

कामाचं नाव भारदस्त होतं: उत्पादनाचं जीवनचक्र मूल्यमापन. म्हणजे एखादी वस्तू जन्माला आल्यापासून मातीत जाईपर्यंत हवेला, पाण्याला, जमिनीला किती जाच करते ते मोजायचं. शहरातल्या एका मोठ्या खरेदीदाराला आपल्या तांदळाच्या पिशवीवर 'पर्यावरणाला कमी भार' असं छापायचं होतं. छापण्याआधी मोजणं आलं, आणि ते मोजणं पुण्याच्या एका कचेरीकडे आलं. मी तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवत होते. तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. गोंदियाजवळ फुलचूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहून मी शेतातले आणि गिरणीतले आकडे गोळा करायचे आणि पुण्याला पाठवायचे, असं ठरलं.

हे काम एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या स्टँडवर कागदी कपात चहा घेतला की मला आधी कपाच्या आतला प्लास्टिकचा पातळ थर दिसायचा, मग संध्याकाळी ते कप गोळा करून जाळणारा माणूस, मग दूध घेऊन आलेल्या मोटारसायकलचा धूर. तोवर चहा थंड. आईने बाजारातून नवी चाळणी आणली तर तिचं लोखंड कुठल्या खाणीतलं असेल, हे मी तिलाच विचारलं.

"तुले चाळनी पाह्यजे का खान पाह्यजे?" आई म्हणाली.

मला दोन्ही नको होतं. मला नुसतं बसायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली तरी माझा पाय हलत राहायचा आणि शेजारची बाई आपली पिशवी जरा लांब सरकवायची.

मोजणीसाठी दोन शेतं घ्यायची होती. आमच्या गावाला मामा तलाव आहे; मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांना आमच्याकडे तेच म्हणतात. त्याच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, एकीखाली एक अशा उतरत जातात. तलावाच्या तोंडाशी असलेल्या बांध्या गावातल्या जुन्या, मोठ्या घरांच्या. सगळ्यात शेवटच्या, टेलवरच्या, आमच्या बौद्धवस्तीच्या. वरच्यांची पोटं भरली की उरलेलं पाणी आमच्याकडे येतं, आणि पुष्कळदा उरतच नाही. एक शेत वरचं आणि एक टेलवरचं, असं मी ठरवलं आणि टेलवरचं म्हणून वडिलांची बांधी लिहून टाकली. ओळखीचं शेत, टेकायला घर, वाढायला आई. यात काही चुकेल असं वाटलं नाही.

नमुन्याच्या शेताचे आकडे चांगले आले तर त्या बाजूच्या सगळ्या घरांचा तांदूळ खरेदीदार दरवर्षी घेणार होता. आमच्या बाजूला अशी चौदा घरं होती. वडिलांनी हे ऐकलं आणि चौदा घरं डोक्यावर घेतल्यासारखे ते मान ताठ करून चालायला लागले.

शेतातलं काम सोपं होतं. भोकं पाडलेला पाइप चिखलात रोवलेला असायचा. दर रविवारी त्यात पट्टी बुडवून पाणी किती ते वहीत लिहायचं आणि फोटो काढायचा. शिवाय खत किती टाकलं, ट्रॅक्टर किती वेळ चालला, मोटर लावली का, हे प्रश्न. मी पोचायची तेव्हा वडील धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे असायचे. आंघोळ केलेली, अंगात धुतलेला पांढरा सदरा.

"चिखलात पांढरा सदरा कायले, बाबा?" मी एकदा विचारलं.

"वही येऊन राहिली ना," ते म्हणाले.

मी हसले. वही म्हणजे माझी वही, आणि मी म्हणजे त्यांची लेक. पण त्या सहा रविवारी त्यांनी मला एकदाही लेकीसारखं 'जेवली का' म्हणून विचारलं नाही. आधी बांधी दाखवायचे. पाइपात पाणी नेहमी चार बोटं. मोटर? नाही. मी खुशीत लिहून घ्यायची. आमचं टेल आपण समजतो तेवढं काही दळभद्री नाही, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं.

बाकीचे दिवस गिरण्यांमध्ये जायचे. गिरणीतला मुनीम माझ्या प्रश्नांना कंटाळून "मॅडम, भूसा फेकते नहीं, भट्टी में जाता है" एवढं एकच वाक्य चार वेळा म्हणायचा. मी त्याच्या चिमणीकडे बघून मनात म्हणायची, थांब, तुझा नंबर येणार आहे. चोर कोण ते मी आधीच ठरवलं होतं. फक्त पंचनामा बाकी होता.

सहा आठवड्यांचे आकडे पुण्याला गेले आणि माझ्या वरच्या मॅडमचा फोन आला. माणूस चांगला. कधी आवाज चढवायच्या नाहीत.

"अगं, गिरणी विशेष नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेलवरच्या शेताचं काय आहे? तिथे पाणी हटतच नाही. वरचा शेतकरी खत टाकताना तरी पाणी उतरवतो. सारखं साचलेलं पाणी म्हणजे खाली चिखल कुजतो आणि मिथेन निघतो. एवढा भार राहिला तर ती बाजू खरेदीदाराच्या यादीत बसायची नाही."

ही गोष्ट मी स्वतः कॉलेजात फळ्यावर लिहून शिकवली होती. पाणथळ धानाच्या शेतातून मिथेन निघतो, दोन गुणांचा प्रश्न. पण फळ्यावर लिहिताना ते कुणाचं तरी धान होतं. आता स्तंभालेखात सगळ्यात उंच उभा असलेला खांब माझ्या बापाच्या बांधीतल्या पाण्याचा होता, आणि माझ्या बापाने निम्मं आयुष्य त्या पाण्यासाठी भांडण्यात घातलं होतं. पाण्याची पाळी चुकली म्हणून ते पंचायतीत गेले, तहसीलला गेले, एकदा भर लग्नात मांडवात उभं राहून पाण्यावरून बोलले आणि आईने तीन दिवस अबोला धरला. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं की बाबा, तुमचं पाणीच दोषी आहे?

मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग आला. दोन दिवस फुलचूरच्या खोलीत मी पंख्याखाली येरझाऱ्या घातल्या. तिसरा दिवस बुधवार होता, कॉलेजात तास नव्हता. खोलीत बसवेना म्हणून उगाच गोरेगावची एसटी धरली आणि तिथून गावी गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. वडील घरी नाहीत म्हटल्यावर सरळ बांधीवर गेले.

बांधीत पाणी नव्हतं. कमी होतं असं नाही, नव्हतंच. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून खेकडा बाहेर येऊन पुन्हा आत गेला. माझा पाइप कोरड्या जमिनीत खुळ्यासारखा उभा होता. मी त्यात पट्टी घातली, सवयच ती. आतल्या आत बरंच खाली ओल लागली.

पलीकडच्या धुऱ्यावर शेजारचे काका गवत कापत होते. ते पोवार समाजाचे, त्यांची बांधी आमच्या वरच्या अंगाला, आणि त्यांच्याकडे बोअर आहे. मला बघून त्यांचा हात थांबला.

"आज कायले आली? आज तं बुधवार," ते म्हणाले.

"काका, पानी कुठं गेलं?"

"पानी होतं कधी?" काका म्हणाले आणि मग जीभ चावली. पण निघालेला शब्द परत घेता येत नाही, हे त्यांनाही कळलं. "आता बापाले नोको सांगू. त्यानं म्हटलं का पोरगी वही घेऊन येते, वस्तीचं नाव राहिलं पाह्यजे. मी शनिवारी मोटर लावून देऊन राहिलो. दिवसभर पाइप टाकून भरतो. सोमवारपर्यंत जिरून जाते."

मी धुऱ्यावरच बसले. दर शनिवारी मोटर, दर रविवारी पांढरा सदरा, आणि मी सहा आठवडे त्या मोटरचं पाणी तलावाचं म्हणून लिहून पुण्याला पाठवलं होतं. मला हसू यायला हवं होतं. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

वडील संध्याकाळी आले. ते पाय धुवेपर्यंतही मी थांबले नाही.

"बाबा, मले काऊन नाही सांगतलं?"

 त्यांनी लोट्यातलं पाणी पायावर घेतलं, पाय पुसले आणि खाटेवर बसून सावकाश बोलले. "तू दुसरीत होती. पानी कोनाकोनाले लागते ते लिवाले एक बाबू आला होता. वही घेऊन. त्या दिवशी आपली बांधी कोरडी होती. त्यानं विचारलं नाही का काऊन कोरडी. लिवलं, कोरडवाहू. आपल्या साऱ्या वस्तीच्या नावापुढं लिवलं. मंग पाळी मांगाले गेलो का तेच पान काढून दाखवत. तुमी तं कोरडवाहू, तुमाले पानी कायचं? ते एक सबद बदलाले मले अकरा वर्ष लागले."

तेव्हापासून वस्तीत रीतच पडली होती, आणि मी शिकायला बाहेर असल्यामुळे मला ती ठाऊक नव्हती. वही घेऊन कुणीही येणार असं कळलं की ज्याची बांधी बघणार त्याची बांधी सगळ्यांनी मिळून भरायची. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की शेजारच्या घरातून खुर्च्या येतात, तसंच. कुणी नाल्यातून पाणी चढवायचं, कुणी काकांकडे मोटर मागायची. सरकारी माणूस असो, बँकेचा असो की घरची पोरगी असो, वहीला बांधी भरलेलीच दिसली पाहिजे.

"पन मले पानी नोको होतं, बाबा. पानी जास्त म्हणून आपले आकडे बिघडले."

मग मी सगळं सांगितलं. चिखल, वायू, खांब, यादी. त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग तूनं काऊन नाही सांगतलं?" ते म्हणाले.

 त्यांनी आकडे चोरले ते भीतीने आणि मी गोष्ट चोरली ती लाजेने. बापलेक दोघंही सारखे.

मी मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. जुने आकडे काढून टाकले. त्यानंतर कोणत्याही दिवशी, न सांगता जायचं असं ठरवलं. हंगाम संपेपर्यंत मी मंगळवारी गेले, शुक्रवारी गेले, एकदा भर दुपारी ऑटोवाल्याशी भांडून गेले. बांधी दोन दिवस ओली, पाच दिवस कोरडी. पाऊस पडला तर भरली, नाहीतर नाही. धान मात्र जगलं, कारण भेगा पडायच्या आणि तेवढ्यात एखादी सर यायची. पुण्याला मॅडम खूश झाल्या. टेलवरचा खांब खाली आला, इतका की वरच्या शेतापेक्षाही खाली.

"हे तर आम्ही लोकांना शिकवतो," त्या म्हणाल्या. "आळीपाळीने ओलं आणि कोरडं. तुझे वडील आधीपासूनच करत आहेत. फक्त शेतकऱ्याच्या पानावर सही घे, म्हणजे झालं."

शेतकऱ्याचं पान म्हणजे एक छापील कागद. त्यावर एकच वाक्य होतं: पाणी वाचवण्यासाठी मी माझे शेत स्वेच्छेने कोरडे ठेवतो. खाली सही. सही झाली की चौदा घरांचा तांदूळ यादीत.

वडील सातवी शिकलेले. कुठलाही कागद ते दोनदा वाचतात. हा त्यांनी तीनदा वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"मीनं ठेवलं नाही. पानी आलं नाही," ते म्हणाले.

"अर्थ एकच होते, बाबा."

"नाही होत."

मी मॅडमना विचारलं, कोरडं राहण्याचं कारण लिहायला एक रकाना देता येईल का. त्या म्हणाल्या, "मी समजू शकते गं, पण मोजणीला कारण लागत नाही. कोरडे दिवस ते कोरडेच." त्यांचं चूक नव्हतं. वायू काही निघण्याआधी विचारत नाही, की पाणी तुम्ही अडवलं होतं की आलंच नव्हतं. पण माझा बाप वायू नव्हता.

विहारात वस्ती जमली. दोन तट पडले. पुष्कळांचं म्हणणं, पाणी तसंही नाही, निदान कागद तरी पदरात पडू दे. वडील म्हणाले, "आज सही करतो. पुढच्या वर्षी पानी मांगाले गेलो तं हाच कागद दाखवतील. म्हणतील, तू तं आपल्या मनानं कोरडं ठेवतो, वरतून तांदूळबी विकतो. मंग काय सांगू?"

मी सही करण्याच्या बाजूने बोलले, हे इथे लिहून टाकते. माझं पुढच्या वर्षीचं काम त्या यादीवर अवलंबून होतं, ही गोष्ट माझ्या मनात होती आणि ती मी विहारात बोलून दाखवली नाही. मी आवाज चढवला. सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाले की तुमच्या हट्टापायी चौदा घरं बुडतील.  त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि घरी निघून गेले.

सही झाली नाही. टेलची बाजू यादीतून गेली. वरच्या बाजूने सह्या केल्या: पुढच्या हंगामापासून आम्ही अधूनमधून पाणी बंद ठेवू, शेत सुकू देऊ. ज्यांच्या बांध्यांतून पाणी कधी हटलं नाही त्यांना ते हटवण्याबद्दल भाव मिळाला. मी फुलचूरच्या खोलीत बसून ती यादी वाचली आणि लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की घरमालकीण विचारायला आली. पुण्याचं काम संपलं. वस्तीत वर्षभर लोक वडिलांशी कामापुरतं बोलत होते आणि माझ्याशी तेवढंही नाही. मी पण घरी जाणं कमी केलं. गेले तर ताटावरून लवकर उठायची. वडील कधी त्या संध्याकाळचा विषय काढायचे नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त टोचायचं.

पुढच्या वर्षी रोवणी होऊन महिना झाला असेल, वडिलांचा फोन आला. ते फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर जात नाहीत.

"बांधीवर ये. वही आन."

"कायले? आता मोजाचं काम नाही माझ्याकडं."

"ये तं."

गेले. वडिलांच्या अंगात कपडे नेहमीचे, मळके, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. बांधीत पाणी होतं. पहिला विचार मनात आला तो मोटरचा, आणि मी काकांच्या धुऱ्याकडे पाहिलं. पाइप नव्हता. पाणी पाटातून येत होतं, चांगलं गढूळ, तलावाचं.

वरच्या लोकांनी सहीप्रमाणे आठ दिवस आपापल्या बांध्यांची तोंडं बंद केली होती. पाटात सोडलेलं पाणी मग कुठे जाणार? ते खाली आलं, चौदा घरांच्या बांध्या भरत आलं, आणि सगळ्यात शेवटी वडिलांच्या बांधीत शिरलं. इतक्या वर्षांत पाळीच्या दिवशी, न मागता, न भांडता आलेलं ते पहिलं पाणी. कुणी आमच्यासाठी म्हणून सोडलेलं नव्हतं. तरी मला भरून आलं, आणि त्याच क्षणी डोक्यात तो खांबही उभा राहिला. माझं नशीबच तसलं.

वडील पाण्यात उभे होते. "यातून तो तुझा वायू निघते का?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी लाजले नाही. लगेच नाही निघत, पण सारखं साचून राहिलं तर निघतो. मधे मधे सुकवलं तर बराच कमी होतो. आणि कणीस पोटात धरेपर्यंत तेवढ्याने धानाचं काही बिघडत नाही, हे तर तुमच्याच बांधीने दाखवलं आहे. सगळं धुऱ्यावर उभं राहून नीट सांगितलं. ते मधे मधे मान हलवत होते.

"मंग आठव्या दिवशी सोडतो," ते म्हणाले. "नाल्यापलीकडं दोन बांध्या आहेत, त्याइले कामी येईल. तो कागद आन. आता करतो सही."

"यादी बंद झाली, बाबा. आता त्या सहीचा काही उपयोग नाही."

"असू दे बंद. तू लिव."

मी वहीचं कोरं पान काढलं आणि त्या छापील कागदावरचं वाक्य आठवून लिहिलं, की पाणी वाचवण्यासाठी मी माझं शेत स्वेच्छेने कोरडं ठेवतो. वडिलांनी हात सदऱ्याला पुसले, चष्मा लावला आणि दोनदा वाचलं. मग वाक्याच्या वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आधी हे लिव का पानी आलं."

मी ते वर लिहिलं, तारखेसकट. मग त्यांनी सही केली.